अधिकारी वाचक कोण? विद्यापीठ ग्रंथालयाच्या बदलत्या दाराची गोष्ट



मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे विद्यापीठ ग्रंथालयांच्या ऑनलाइन सेवांवर मी बोलणार आहे म्हटल्यावर घरातच पहिला प्रश्न आला, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" प्रश्न रास्त आहे. संगणकातलं मला फारसं कळत नाही. पण मी ग्रंथालयांचं पन्नास वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आहे, आणि दुकानाची रीत बदलली की ती गिऱ्हाइकाला लगेच जाणवते.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी मला एका नियतकालिकातला लेख हवा होता. सवयीप्रमाणे घरून लॉगिन करायला गेलो, तर खातं बंद. ग्रंथालयात फोन केला. पलीकडचा मुलगा फार सज्जन होता. चाचरत म्हणाला, "सर, तुम्ही आता अधिकृत वापरकर्ते नाही." त्याचा दोष नव्हता. तो नियम प्रकाशकाबरोबरच्या करारात होता. पण 'अधिकृत' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला.

तुमच्यापैकी ज्यांनी वेदान्त वाचला असेल त्यांना अनुबंधचतुष्टय आठवेल. ग्रंथ सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगायच्या: विषय काय, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, आणि अधिकारी कोण. म्हणजे हा ग्रंथ वाचण्यास पात्र कोण. या चौथ्या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास काही फार सुखाचा नाही. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, फुले दांपत्यानं मुलींसाठी आणि ज्यांना अक्षराला शिवू दिलं नव्हतं त्यांच्यासाठी शाळा काढल्या, तेव्हा हा अधिकाराचा प्रश्नच ते नव्यानं सोडवत होते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: ग्रंथालयाच्या डिजिटल बदलाकडे आपण वेगाचा, सोयीचा, कागद वाचण्याचा इतिहास म्हणून बघतो. तो खरा तर अधिकारी वाचक कोण, या प्रश्नाची उत्तरं बदलत गेल्याचा इतिहास आहे.

सुरुवात कागदापासून करू. 1924 साली मद्रास विद्यापीठानं एका गणिताच्या प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमलं. ते म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. लंडनला जाऊन ते हे शास्त्र शिकून आले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. 'प्रत्येक' या शब्दाला त्यांनी पुढे कोणतीही अट जोडलेली नाही, हे लक्षात घ्या.

मी एम.ए.ला होतो त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, ग्रंथालयाच्या दारात एक वही असायची. नाव लिहा, पिशवी ठेवा, आत जा. दुपारच्या वेळी एक निवृत्त शाळामास्तर तिथे येऊन बसत. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. ते 'माइंड' या नियतकालिकाचे बांधीव खंड काढून वाचत बसायचे. 1876 पासून निघणारं हे तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक. त्या गृहस्थांचा विद्यापीठाशी काडीचा संबंध नव्हता. ते कुणाची परवानगी काढत नव्हते, आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. कारण सरळ होतं. तो खंड एकदा विकत घेतला की तो ग्रंथालयाचा. पुढे तो पुण्यातल्या कोणत्या म्हाताऱ्यानं उघडायचा, यात इंग्लंडमधल्या प्रकाशकाला बोलायला जागाच नव्हती.

आता जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. नियतकालिकं बोटीनं यायची, अंक हातात पडेपर्यंत त्यातला वाद शिळा झालेला असायचा. एखादे विभागप्रमुख पुस्तक वर्षभर घरी ठेवायचे आणि त्यांना विचारायची शिपायाची छाती नसायची. शिवाय वहीत नाव लिहायला आधी त्या दारापर्यंत पोचावं लागतं. तालुक्याच्या गावातल्या मुलीला ते दार दिसतही नव्हतं.

पहिला बदल झाला तो तालिकेत, आपल्या त्या लाकडी खणांमधल्या कार्डांत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी 1967 मध्ये एकत्र येऊन ओसीएलसी ही संस्था काढली, आणि 1971 मध्ये तिथे संगणकावर सामायिक तालिका सुरू झाली. ती संस्था पुढे जगभरच्या ग्रंथालयांना कार्डं छापून पुरवत असे. शेवटची कार्डं तिनं 2015 मध्ये छापली. आपल्याकडेही ते खण हळूहळू भिंतीकडे सरकले आणि मग अडगळीत गेले. आम्ही थोडे हळहळलो. पण या बदलानं अधिकारी बदलला नाही. पुस्तक शोधायची रीत बदलली, पुस्तक मात्र फडताळातच होतं.

खरा बदल नियतकालिकांच्या बाजूनं आला, आणि त्याला पैशाचा इतिहास आहे. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये 1665 साली 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं तेव्हापासून दीर्घकाळ अशी नियतकालिकं मुख्यतः विद्वत्सभांच्या हातात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापारी प्रकाशकांच्या लक्षात आलं की हा धंदा विलक्षण आहे. लेखक लेखाचे पैसे मागत नाही, परीक्षण करणाराही बहुधा मागत नाही, त्या दोघांचा पगार विद्यापीठ देतं, आणि छापलेला अंक विकत घेतं तेही विद्यापीठच! रॉबर्ट मॅक्सवेल यांची पर्गामॉन प्रेस 1951 पासून याच वाटेनं वाढली आणि 1991 मध्ये ती एल्सव्हिअरनं घेतली. वर्गण्या वाढत गेल्या आणि ग्रंथालयं दरवर्षी यादीवर काट मारू लागली. आमच्या विभागाच्या बैठकीत यंदा कोणतं नियतकालिक बंद करायचं, यावर भांडणं झालेली मला आठवतात.

अशा वेळी ऑनलाइन अंक आले. जेस्टॉर हा जुन्या अंकांचा संग्रह 1995 मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून उभा राहिला. त्याचं मूळ निमित्त अगदी घरगुती होतं: बांधीव खंड ठेवायला ग्रंथालयांत जागा उरली नव्हती. पुढे नवे अंकही पडद्यावरच येऊ लागले, कागदी वर्गण्या बंद झाल्या. आणि या धांदलीत एक गोष्ट निसटली. विकत घेणं थांबलं आणि भाड्यानं घेणं सुरू झालं. आपण पुण्या-मुंबईची माणसं, आपल्याला हे चटकन कळेल. स्वतःच्या वाड्यात राहणारा माणूस अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आला! करारात लिहिलेलं असतं, घरात कोण राहणार, पाहुणा किती दिवस, आणि भाडं थकलं तर काय. इथेही तसंच. करारात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणजे कोण याची व्याख्या असते: नोंदणी झालेला विद्यार्थी, नोकरीत असलेला शिक्षक. त्या व्याख्येत आमचे शाळामास्तर बसत नाहीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मीही बसत नाही.

भाडेकरूची अवस्था काय होते ते बड्या विद्यापीठांनीही पाहिलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठानं 2019 मध्ये एल्सव्हिअरशी करार लांबवायला नकार दिला. नवा करार व्हायला मार्च 2021 उजाडला, आणि मधल्या काळात तिथल्या वाचकांना नवे लेख थेट उघडत नव्हते. व्यक्तीच्या बाबतीतलं उदाहरण त्याहून बोलकं आहे. 2009 मध्ये अमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परत काढून घेतली. प्रश्न हक्कांचा होता, पैसेही परत केले. पण घरातल्या कपाटातून दुकानदार पुस्तक काढून नेतो, ही कल्पना कागदाच्या काळात कुणाला सुचली नसती. आणि त्यातलं एक पुस्तक होतं ऑर्वेलचं '1984'.

आता आपल्याकडे येऊ. इथली गोष्ट एकरंगी नाही. इन्फ्लिबनेट हा कार्यक्रम 1991 मध्ये सुरू झाला, 1996 मध्ये ती विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वायत्त संस्था झाली. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठी ई-नियतकालिकांचा समूह सुरू झाला. 2010 मध्ये महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट आलं. 2015 मध्ये निरनिराळे समूह एकत्र करून ई-शोधसिंधू झालं. आणि 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली: 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, 6,300 हून अधिक सरकारी संस्था, आणि जवळजवळ 1.8 कोटी विद्यार्थी, शिक्षक, संशोधक.

हे लहान काम नाही. माझी एक विद्यार्थिनी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. एन-लिस्टचा पासवर्ड मिळाला तेव्हा तिनं मला फोन केला होता: "सर, तुम्ही वर्गात ज्यांची नुसती नावं सांगायचात, ते लेख आता मी रात्री स्वयंपाक आटपल्यावर वाचते." माझ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला पूर्वी मित्रांच्या सवडीनं अभ्यास करावा लागे. आता यंत्र त्याला लेख वाचून दाखवतं, हव्या त्या वेळी, हवा तितक्या वेळा. कागदाचं ग्रंथालय कितीही उदार असलं तरी या दोघांना ते हे देऊ शकत नव्हतं. त्यांच्या बाबतीत अधिकाराचं दार निश्चित रुंद झालं.

पण दार रुंद झालं तरी चौकीदार बसलेलाच आहे. 1.8 कोटी हा आकडा मोठाच, तरी ती यादी आहे, आणि यादीत नाव असणं हे संस्थेवर अवलंबून आहे, जिज्ञासेवर नाही. पीएच.डी. झालेला पण नोकरी न लागलेला तरुण, घड्याळी तासांवर शिकवणारा आणि मे महिन्यात कुणाचाच नसणारा शिक्षक, गावात बसून गाव-इतिहास लिहिणारा हौशी अभ्यासक, यांनी जायचं कुठे? बरेचजण चोरवाटेनं जातात. साय-हब 2011 मध्ये सुरू झाली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तीन प्रकाशक तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मी चोरवाटेची वकिली करत नाही. पण इतकी माणसं खिडकीतून येत असतील तर दाराकडे एकदा बघायला हवं.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. 28 ऑक्टोबर 2023 ला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. मुख्य तालिका पुन्हा ऑनलाइन दिसू लागायला जानेवारी 2024 उजाडला, तीही मर्यादित स्वरूपात. पुस्तकं फडताळात शाबूत होती, पण कुठलं कुठे आहे हे सांगणारी स्मृतीच बंद पडली. आपल्याकडे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'नं लाखो जुनी पुस्तकं स्कॅन केली, त्यात मराठीही पुष्कळ. ते संकेतस्थळ बंद पडलं. त्यातला बराच भाग आज वाचायला मिळतो तो इंटरनेट अर्काइव्हवर त्याच्या प्रती गेल्या होत्या म्हणून. प्रतींचं हे महत्त्व आपल्याला नवीन नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि ते पुन्हा स्मरणातून उभं करावं लागलं, असं महानुभाव परंपरा सांगते. स्टॅनफर्डच्या ग्रंथपालांनी 1999 मध्ये लॉक्स हा प्रकल्प सुरू केला, त्याचं तत्त्व हेच: एका ठिकाणी ठेवू नका, अनेक ग्रंथालयांत प्रती ठेवा.

मग करायचं काय? मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. ज्यांचा विद्यापीठाशी संबंध आहे त्यांनी आपल्या ग्रंथपालांना त्या जरूर विचाराव्यात.

पहिली: करारात वॉक-इन वाचकाची तरतूद आहे का? अनेक करारांत ती असते. म्हणजे बाहेरचा माणूस ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर लेख वाचू शकतो. पण तो संगणक कुठे आहे, चालू आहे का, हे कुणी सांगत नाही. दुसरी: वर्गणी थांबली तर ज्या वर्षांचे पैसे आपण भरले त्या वर्षांचे अंक आपल्याकडे राहणार का? तिसरी: आपण स्वतः निर्माण केलेलं ज्ञान आपण कुठे ठेवतो?

तिसऱ्या प्रश्नाला आपल्याकडे चांगलं उत्तर आहे. शोधगंगेवर देशभरचे पीएच.डी. प्रबंध कुणालाही, लॉगिनशिवाय वाचता येतात. 2009 च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं झालं, आणि जुने प्रबंधही स्कॅन होऊ लागले. माझा टंकलिखित प्रबंध तीस वर्षं एका कपाटात पडून होता. तो स्कॅन झाल्यावर वर्षभरात एका अनोळखी मुलीची ईमेल आली. तिसऱ्या प्रकरणातला माझा युक्तिवाद कसा लंगडा आहे, हे तिनं दोन पानांत दाखवलं होतं. तिचं बरोबर होतं. ती कुठल्या संस्थेत आहे, हे मी विचारलं नाही, आणि शोधगंगेनंही विचारलं नव्हतं. मराठी विश्वकोशही असाच सगळ्यांना खुला आहे. म्हणजे हे जमतं. त्याला तंत्रज्ञान आड येत नाही, करार आड येतो, आणि करार माणसं लिहितात.

वेदान्तानं अधिकाऱ्याची लक्षणं सांगताना त्यात मुमुक्षुत्व घातलं, म्हणजे मोक्षाची तळमळ. ग्रंथालयापुरतं मी ते जिज्ञासेवर आणीन. ज्याला जाणून घ्यायचं आहे तो अधिकारी. बाकी ओळखपत्र ही व्यवस्थेची सोय आहे, ती जरूर असावी, पण ती पात्रतेची कसोटी होऊ नये. छत्री घेऊन येणारे ते मास्तर आज आले, तर आपल्या नव्या ग्रंथालयात त्यांना बसायला खुर्ची मिळेल. वाचायला काय मिळेल, ते आपण आज कोणते करार करतो त्यावर ठरणार आहे.