कूलगार्डीची सोन्याची खाण आणि तिचे उंटवाले

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागात कूलगार्डी येथे 'बेलीज रिवॉर्ड' या नावाची सोन्याची खाण होती. इतिहासग्रंथांत तिची कथा बहुधा तिच्या दोन शोधकांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. परंतु खाण सापडणे वेगळे आणि ती चालणे वेगळे. ती ज्यांच्यामुळे चालली, त्यांचा उल्लेख या ग्रंथांत क्वचितच येतो.

आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना १८९२ साली येथे गारेच्या शिरेत सोने आढळले. १७ सप्टेंबर १८९२ रोजी बेली ५५४ औंस सोने घेऊन सदर्न क्रॉस या गावी पोहोचला आणि हक्काची नोंद केली. बातमी फुटताच हजारो लोक त्या माळाकडे धावले. बेलीला मात्र हे वैभव फार काळ लाभले नाही. १८९६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी तो मरण पावला.

या मुलखात सोने होते, पाणी नव्हते. खारट तळ्यांचे पाणी लाकडे जाळून उकळायचे आणि त्याची वाफ थंड करून ते प्यायचे, अशी अवस्था होती. घोडे व बैल वाटेतच तहानेने खचत. अशा वेळी अन्नधान्य, अवजारे, टपाल आणि पाणीसुद्धा उंटांच्या पाठीवरून आले. यातील बरेच उंट कराचीहून जहाजाने गेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे. त्यांच्याबरोबर काबूल, कंदाहार, पेशावर, बलुचिस्तान, सिंध व पंजाब येथील माणसे गेली. उर्दूत ज्याला सारबान म्हणतात, त्या धंद्यातली ही माणसे. इंग्रजी दप्तराने त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' ठरवले. फैज महंमद व ताघ महंमद या बंधूंची वाहतूक पेढी तर शेकडो उंट बाळगून होती. कूलगार्डीत मशीदही उभी राहिली.

मात्र खाणकामाचा परवाना आशियाई माणसाला मिळत नसे. माल वाहायचा, पण सोने खणायचे नाही! यातील अनेकजण ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन होते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कायदा आधी 'परक्या' आशियाईंविषयी बोलत होता. १९०४ च्या खाण कायद्याने तर स्वतःला ब्रिटिश प्रजाजन म्हणवणाऱ्या आशियाई वंशाच्या माणसालाही मंत्र्याच्या मंजुरीवाचून परवाना नाकारला. साम्राज्याच्या प्रजेचा दर्जा किती पोकळ होता, हे या एका कलमावरून कळते.

पाण्यावरूनही रक्त सांडले. १८९४ साली पाणवठ्याच्या वादात एका गोऱ्याने उंटवाल्यांवर गोळ्या झाडल्या. पाणवठ्यावर हातपाय धुण्याचा म्हणजे वजूचा तो प्रश्न होता असे सांगितले जाते. आरोपी निर्दोष सुटला. या समाजातही सारे आलबेल होते असे नव्हे. जानेवारी १८९६ मध्ये ताघ महंमदची कूलगार्डीच्या मशिदीत, नमाज चालू असताना, एका मुस्लिमाकडूनच हत्या झाली. या मारेकऱ्याला मात्र फाशी झाली.

मार्च १८९६ मध्ये रेल्वे आली आणि मुख्य मार्गावरची उंटांची गरज संपू लागली. अभियंता ओकॉनर यांनी पर्थजवळच्या मुंडारिंग धरणापासून पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीची जलवाहिनी आखली. टीकेने खचून मार्च १९०२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि जलवाहिनीचे उद्घाटन जानेवारी १९०३ मध्ये झाले. तोपर्यंत वरच्या थरातले समृद्ध सोने उपसून झाले होते. गर्दी शेजारच्या कॅलगूर्लीकडे सरकली. बेलीची खाण पुढे अधूनमधून चालली आणि १९६३ च्या सुमारास थांबली. एके काळी पंधरा हजारांच्या घरात वस्ती असलेल्या या गावात आज हजारापेक्षाही कमी लोक राहतात.

उंटवाल्यांपैकी कित्येक मायदेशी परतले. १९०३ च्या कायद्याने आशियाईंना नागरिकत्वाचे दार बंद केले होते. जे राहिले, त्यांच्यापैकी फैज महंमद व त्यांच्या सोबत्यांनी वर्गणी जमवून १९०५ साली पर्थ शहरात मशिदीचे बांधकाम सुरू केले. त्या मशिदीत आजही नमाज होते.