बोरूचे वळण आणि अरुंद अक्षर

आहुप्याच्या कड्यावरून एक जुनी वाट कोकणात उतरते. तिच्या उत्तरेस, जुन्नरच्या हद्दीत, तशीच नाणेघाटाची वाट आहे. तेथल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. श्रोतेहो, विषय छापखान्याच्या खिळ्यांचा आणि आरंभ घाटातल्या दगडापासून, याचे आपणांस नवल वाटेल. पण त्या लेखातील अक्षरांना शिरोरेषा नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढच्या शतकांत रुंद टोकाच्या लेखणीने लिहिताना उभ्या दांड्याच्या माथ्यावर शाईचा जाडसर ठसा उमटू लागला. टाकी चालवणाऱ्यांनी तो दगडातही उतरवला. तो पाचरीसारखा झाला, आडवा पसरला आणि शेवटी शेजारच्या अक्षराला जाऊन भिडला. रोमन अक्षराच्या दांड्याला टोकाशी जी बारीक आडवी रेघ असते, जिला मुद्रक सेरिफ म्हणतात, तिची ही बहीणच म्हणावयाची. तिकडे ती ज्या त्या अक्षरापुरती राहिली. इकडे साऱ्या शब्दाचे आढे झाली.

अक्षर अरुंद का करावे लागते? व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य हातात मावेल एवढ्या पुस्तकात छापले. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कचेरीतील लेखकांच्या तिरक्या, दाट वळणावरून खिळे कोरले होते. कवितेची ओळ मोडू नये, हा अशा अक्षराचा मोठा उपयोग. आमच्या शार्दूलविक्रीडिताच्या एका चरणात १९ अक्षरे. रुंद खिळ्यांत तो लहान पानावर एका ओळीत बसत नाही, आणि चरण मोडला की म्हणणाराची यती चुकते. वर्तमानपत्राच्या मथळ्याचीही अडचण हीच, फक्त तेथे काव्य नसते.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले तेथील अक्षर अरुंद नव्हे, चांगले भरदार आहे. तरी अरुंद अक्षर घडवणाऱ्याने आधी तेच पाहावे, असे आम्हांस वाटते. खिळा लहान झाला तरी त्यातला बोरूचा जाड-बारीकपणा हरवत नाही, आणि पोटातली मोकळी जागा बुजत नाही.

आज संगणकावर कोणतेही अक्षर दोन्ही बाजूंनी दाबता येते. दाबल्याने उभे दांडे बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. हलक्या खांबांवर जड आढे टाकावे तसे ते दिसते. बोरू जाणणारा अक्षरे दाबत बसत नाही. वाटोळी अंगे उंचट करून तो ती नव्याने लिहितो, दांड्याची जाडी सांभाळतो. आम्ही तर अरुंद वळणाचा नमुना हाती आला की त्यात 'ष' शोधतो. त्याच्या पोटातली तिरपी रेघ वेगळी दिसली तर पुढचे वाचतो. 'ष' आणि 'प' एकच दिसू लागले तर तो कागद तसाच परत देतो.