गाडीतला सीडी प्लेअर पावसाळ्यात का अडखळतो? काय काळजी घ्यावी?

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आल्यावर काच खाली केली, की इतका वेळ नीट चाललेली सीडी अनेकदा अडखळू लागते. अशा वेळी प्लेअर बिघडलाच असेल असं नाही. थंड लेन्सवर दमट हवेतलं बाष्प साचलं, तर लेझरला सीडी नीट वाचता येत नाही. सीडी बाहेर काढून तासभर थांबावं. बाष्प उडालं की प्लेअर पूर्ववत चालतो.

खड्ड्यांमध्ये गाणं तुटण्याचं कारण वेगळं असतं. सीडीवरच्या शेजारच्या दोन रेघांमधलं अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन असतं. धक्का बसला की लेझरची रेघ चुकते.

सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि सलग भाग वाचता येत नाही. छापील बाजू अधिक नाजूक असते, कारण माहितीचा थर तिच्या लगेच खाली असतो. तिथे स्टिकर लावू नये. उन्हात तापून तो सुटतो आणि प्लेअरमध्ये अडकतो.

जुलै २०२१ मध्ये महाडला पुराने वेढलं होतं. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून प्लेअर तपासू नये, शॉर्टसर्किट होऊ शकतं. आधी मेकॅनिकला दाखवावं. आत अडकलेली सीडी मात्र वाचू शकते. ती स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. घरच्या लग्नाची एकमेव सीडी असेल, तर सर्वात आधी तिची कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवावी.