सूर्यपक्षी, विगर्सचा

(एथोपायगा विगर्साय) नेक्टॅरिनिडी कुलातला, केवळ पश्चिम घाटात आढळणारा चिमुकला पक्षी. सूर्यपक्ष्यांना मराठीत शिंजीर असेही म्हणतात. मुंबईतल्या दहिसरकरांना तो पाहायला लांब जावे लागत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात तो राहतो.

नराचा गळा आणि छाती गडद तांबडी असून तांबड्यावर बारीक पिवळ्या रेघा असतात. या रेघा हीच त्याची पक्की खूण. चोचीच्या बुडापासून मानेकडे जांभळी, चकाकणारी मिशी जाते. पोट राखाडी, कमर पिवळी, चोच लांब व खाली वाकलेली. मिशीचा जांभळा रंग पिसांच्या रचनेतून उमटतो, म्हणून उन्हाची तिरीप पडली की ती झळकते आणि सावलीत काळी दिसते. मादी मळकट हिरवट, सहज नजरेतून सुटणारी.

१८३२ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत याचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. आयरिश प्राणिशास्त्रज्ञ निकोलस विगर्स यांचे नाव त्यांनी याला दिले. पुढे बराच काळ याला किरमिजी सूर्यपक्ष्याची उपजात मानत. आता ती स्वतंत्र जात समजली जाते.

दक्षिण गुजरातच्या डांगपासून सह्याद्रीच्या रांगेने निलगिरीपर्यंत त्याचा प्रदेश आहे. माथेरान, कर्नाळा, महाबळेश्वर ही महाराष्ट्रातली ठिकाणे त्यातच येतात. सबंध जगात याखेरीज तो कुठेही नाही.

मधुरस पिणारा इवलासा पक्षी दिसला की अनेकजण त्याला हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात आणि त्यांचे कुळ वेगळे. फुलासमोर हवेत तरंगत रस पिणे ही त्यांची खासियत. सूर्यपक्षी क्वचित क्षणभर तरंगतो, एरवी फांदीला धरून, प्रसंगी उलटा लटकून नळीसारख्या जिभेने रस ओढतो. लांब नळीच्या फुलांना तो बुडाशी भोक पाडतो आणि परागकणांना न शिवता रस पळवतो. पिलांना मात्र कोळी आणि किडे भरवावे लागतात.

दहिसरच्या सोसायट्यांतल्या जास्वंदीवर येतात ते बहुधा जांभळा आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. पोट पिवळे दिसले तर नक्कीच हा नव्हे. विगर्सचा सूर्यपक्षी झाडीची सोबत सहसा सोडत नाही. पांगारा, काटेसावर, मुरुडशेंग आणि बांडगूळ ही शिंजीरवर्गाची आवडती फुलझाडे. बांडगूळ आंब्याचा शत्रू म्हणून बागेत छाटले जाते ते समजण्यासारखे आहे. उद्यानाच्या हद्दीलगतच्या रानझाडांवर तरी ते राहू द्यावे.