अपघात-नुकसानभरपाई आणि वकिलाची नेमणूक : मावळातील उर्से परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील उर्से हे गाव आज प्रामुख्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे परिचित आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. गावाच्या परिसरात कारखाने उभे राहिले आणि शेतीही टिकून राहिली. परिणामी अपघातात जायबंदी होणारी व्यक्ती येथे प्रवासी, मालमोटारीचा चालक, कारखान्यातील कामगार वा शेतकरी यांपैकी कोणीही असू शकते. या सर्वांपुढे उपचारानंतर लगेच उभा राहणारा प्रश्न म्हणजे नुकसानभरपाईसाठी वकील कोणता नेमावा आणि त्याचा मोबदला कशातून द्यावा. हा प्रश्न व्यक्तिगत दिसत असला तरी त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

हक्क आहे, मार्ग नाही : १८५५ ते १९२३

दुसऱ्याच्या दोषामुळे मृत्यू आल्यास कुटुंबीयांना भरपाई मागण्याचा हक्क भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने दिला. त्याच सुमारास, १८५६ मध्ये, मावळच्या पश्चिम सीमेवर भोर घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला होईपर्यंत अपघात व रोगराई यांत हजारो मजुरांचे बळी गेले. कायदा अस्तित्वात होता. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी दिवाणी दावा, न्यायालयीन शुल्क, साक्षीपुरावे आणि वकील आवश्यक होते. रोजंदारीवरील परगावच्या मजुराच्या कुटुंबास यांपैकी एकही गोष्ट सुलभ नव्हती.

या स्थितीत पहिला मूलगामी बदल १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने घडविला. कामाच्या ओघात व कामामुळे इजा झाल्यास मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज उरली नाही. भरपाईचे प्रमाण अनुसूचीने ठरले आणि दिवाणी न्यायालयाऐवजी आयुक्तापुढे दाद मागता येऊ लागली. कलम २४ मधील तरतूद विशेष लक्षणीय आहे. तीनुसार कामगाराची बाजू वकिलाप्रमाणेच नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही मांडता येत असे. मृत्यूच्या प्रकरणात रक्कम परस्पर वारसांच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करण्याचे बंधनही या कायद्याने घातले. प्रतिनिधी कोण आणि पैसा कोणाच्या हाती, या दोन्ही प्रश्नांचा विचार या कायद्यात झालेला दिसतो.

मोटार अपघात न्यायाधिकरणाचा उदय

१९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. कार्यपद्धती संक्षिप्त ठेवण्यात आली; तथापि दोषसिद्धीचे ओझे कायम राहिले. मुंबईतून गेलेल्या एका खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणा सिद्ध होणे आवश्यक असल्याचे मत नोंदविले. त्यानंतर १९८२ च्या दुरुस्तीने दोषाविना मृत्यूसाठी १५,००० रुपये व कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली. १९९४ मध्ये या रकमा अनुक्रमे ५०,००० व २५,००० झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात.

१९९४ च्या दुरुस्तीचा आणखी एक परिणाम उर्सेसारख्या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. अपघात जेथे घडला तेथेच दावा करण्याचे बंधन उरले नाही. अर्जदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. त्यामुळे टोलनाक्याजवळ जखमी झालेला कोल्हापूरचा प्रवासी आपल्याच जिल्ह्यात वकील नेमू शकतो. परंतु पंचनामा, प्रथम खबर आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मावळातच राहतात. वकील गावाजवळ आणि पुरावा दूर, अशी नवी अडचण या सोयीतून निर्माण झाली.

वकिलाची गरज नेमकी कोठे

२०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक व ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो. तरीही वकिलाची गरज संपलेली नाही. तिची तीन स्थाने स्पष्ट दिसतात.

पहिले, मार्गाची निवड. कामावर असताना वाहन अपघातात जखमी झालेल्या चालकास कामगार भरपाईचा कायदा किंवा मोटार वाहन कायदा यांपैकी एकाच मार्गाने भरपाई मागता येते. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १६७ दोन्ही लाभ एकत्र घेऊ देत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारास त्या योजनेचे लाभ मिळतात, परंतु मालकाविरुद्ध कामगार भरपाईचा मार्ग बंद होतो. प्रारंभीच चुकीचा मार्ग निवडल्यास नुकसान मोठे होते.

दुसरे, उत्पन्नाचा पुरावा. कारखान्यातील कायम कामगाराकडे वेतनचिठ्ठी असते. भाजीपाला विकणाऱ्या शेतकऱ्याकडे किंवा कंत्राटी मजुराकडे ती बहुधा नसते. वैद्यकीय अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेची हानी या भिन्न बाबी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. पाय निकामी झाल्याचा परिणाम कारकुनावर वेगळा आणि चालकावर वेगळा होतो. हा फरक न्यायाधिकरणापुढे कोणीतरी मांडावाच लागतो.

तिसरे, मुदत. १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आणली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने सहा महिने हा अल्प काळ आहे.

मोबदल्याचा प्रश्न

इंग्लंडमध्ये दाव्यातील हिस्सा घेऊन खटला चालविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतास लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्ये ठरविले. वकिलांची गोष्ट मात्र निराळी मानली गेली. वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार करणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणात, असा करार इतरांना करता आला तरी वकिलास तो व्यावसायिक गैरवर्तन ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. बार कौन्सिलच्या नियमांनीही निकालावर अवलंबून असलेले शुल्क निषिद्ध मानले आहे. २०१७ मध्ये मोटार अपघात भरपाईच्याच एका प्रकरणात न्यायालयाने टक्केवारीवर आधारित शुल्काची मागणी बेकायदा ठरविली.

यासोबत दुसरा निषेधही आहे. वकिलास जाहिरात करता येत नाही, तसेच दलालामार्फत पक्षकार मिळविता येत नाहीत. दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची वसाहतकालीन तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने वकील अधिनियमात आणली गेली. दोन्ही निषेधांचा हेतू पक्षकाराचे रक्षण हाच आहे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम विचारात घ्यावा लागतो. जखमी व्यक्तीजवळ आगाऊ पैसे नसतात, भरपाईतून हिस्सा देण्यास मनाई असते आणि योग्य वकिलाची माहिती मिळण्याचे अधिकृत साधनही सहज हाती नसते. अशा स्थितीत रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या मध्यस्थाचे तोंडी आश्वासनच आधार वाटू लागते. करार लेखी नसल्याने शेवटी किती रक्कम कापली गेली, याची दाद मागणेही अवघड होते.

रक्कम सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न न्यायालयांनी केला आहे. अज्ञान व निरक्षर अर्जदारांची भरपाई मुदतठेवीत ठेवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली.

विनामूल्य विधी सेवेची परंपरा

या कोंडीवरील उपायाचे मूळही मुंबई प्रांतातच आढळते. १९२४ मध्ये मुंबईत विधी साहाय्य संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने समिती नेमली. पुढे १९७६ मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. उर्से परिसरातील जखमींपैकी अनेक जण या वर्गांत मोडतात. २०११ च्या विनियमांनी गावपातळीवरील विधी सेवा केंद्रे आणि त्यांतील विधी महाविद्यालयांचा सहभाग यांनाही आधार दिला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कायद्याने दोषसिद्धीचे ओझे क्रमाक्रमाने हलके केले, स्वतंत्र न्यायाधिकरणे दिली आणि भरपाईची रक्कम वाढविली. परंतु प्रतिनिधित्वाचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाचे उत्तर त्याने बहुतांशी निषेधाच्या रूपात दिले. टक्केवारीवरील बंदी योग्यच आहे. कारण भरपाई ही जखमी व्यक्तीच्या उर्वरित आयुष्याची शिदोरी असते. मात्र पर्याय हाताशी नसेल, तर ही बंदी व्यवहारात आडमार्गालाच वाव देते. १९२३ च्या कायद्याने संघटनेच्या पदाधिकाऱ्यास दिलेले स्थान आणि १९८७ च्या कायद्याने दिलेला विनामूल्य वकिलाचा हक्क यांत एक समान सूत्र आहे : जखमीचा प्रतिनिधी भरपाईतील वाटेकरी असू नये. हा हक्क असल्याची माहिती अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रुग्णालयात, कारखान्यात आणि ग्रामपंचायतीत पोहोचणे, हीच आजची खरी निकड होय. या कामी विधी महाविद्यालयांना आपल्या विधी सेवा केंद्रांद्वारे प्रत्यक्ष वाटा उचलता येईल.