अमेरिकेच्या जंगलात गेलेला पूर्वज कागदावर कसा सापडतो? अब्राहम लिंकनच्या आजोबांची गोष्ट

१८४८ साल. अब्राहम लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, इलिनॉयमधून निवडून आलेले साधे खासदार होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावाहून त्यांना एक पत्र आलं. लिहिणाऱ्याचं आडनावही लिंकनच होतं आणि प्रश्न सरळ होता : तुमचं घराणं मूळचं कुठलं?

लिंकनना जेमतेम आजोबांपर्यंत सांगता आलं. आजोबांचं नावही अब्राहम. ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून १७८२ च्या सुमारास केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्याआधीची मंडळी पेनसिल्व्हेनियातून आली असावीत, असं अंधुक ऐकलेलं. त्यापलीकडे काही नाही.

या हिशोबानं आजोबांचा मृत्यू १७८४ चा. पण केंटकीच्या जमीन दप्तरात मे १७८५ चा एक मोजणीचा कागद आहे आणि त्यावर हेच आजोबा हजर आहेत. मग चूक कुणाची? आणि एक-दोन वर्षांच्या चुकीनं असं काय बिघडतं?

अमेरिकेत आज लाखो लोक आपले असे ‘फ्रंटिअर’वर गेलेले पूर्वज शोधत असतात. तो शोध नेमका कसा चालतो, हे समजून घ्यायला लिंकन घराण्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

फ्रंटिअर म्हणजे काय?

फ्रंटिअर म्हणजे दोन देशांमधली आखीव सीमा नव्हे. युरोपीय वंशाच्या लोकांची वस्ती जिथे संपत असे, तो सतत पश्चिमेकडे सरकणारा पट्टा म्हणजे फ्रंटिअर. १७७० आणि ८० च्या दशकात हा पट्टा ॲपलाचियन डोंगररांगा ओलांडून केंटकीत उतरत होता. १७७५ मध्ये डॅनियल बून आणि त्याच्या माणसांनी कंबरलँड खिंडीतून वाट काढली. ती ‘वाइल्डरनेस रोड’ म्हणून ओळखली गेली आणि पुढे हजारो कुटुंबं तिच्यावरून गेली.

हा प्रदेश रिकामा नव्हता. शॉनी आणि चेरोकी लोकांची ती शिकारीची भूमी होती. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहात इरोक्वा लोकांनी ओहायो नदीच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. ज्यांचा तिथे रोजचा वावर होता, त्या शॉनींना हे मान्य नव्हतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथे जे रक्त सांडलं, त्याचं मूळ अशा व्यवहारांत आहे.

पहिला धागा : घरात सांगितली जाणारी गोष्ट

आजोबा जंगल तोडून शेत तयार करत होते. झाडीतून गोळी आली आणि ते जागीच कोसळले. थोरला मुलगा मॉर्डेकाय घराकडे धावला, बंदूक घेतली आणि धाकट्या थॉमसच्या जवळ आलेल्या हल्लेखोराला त्यानं गोळी घातली. हा वाचलेला थॉमस म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनचे वडील. ऐकलेल्या सगळ्या कथांमध्ये हीच आपल्या मनावर सर्वांत खोल कोरली गेली आहे, असं लिंकननी १८५४ मध्ये एका नातेवाइकाला लिहिलं होतं.

वंशशोधाचा पहिला नियम इथेच कळतो. घरातली गोष्ट टाकून द्यायची नाही आणि जशीच्या तशी स्वीकारायचीही नाही. माणसं, नाती, जागा आणि घटना बहुधा खऱ्या निघतात. साल, वय आणि अंतर मात्र पिढ्यांबरोबर सरकत जातं.

दुसरा धागा : जमिनीचा कागद

फ्रंटिअरवर शाळा नव्हत्या, वर्तमानपत्रं नव्हती, जन्म-मृत्यूची सरकारी नोंद नव्हती. पण जमीन होती आणि माणसं तिच्यासाठीच आली होती. त्यामुळे सगळ्यात भरवशाचा कागद जमिनीचाच.

केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानं तिथली जमीन १०० एकरांना ४० पौंड या दरानं विकायला काढली. मालकी मिळायला चार पायऱ्या होत्या :

- वॉरंट : पैसे भरल्याची पावती. इतके एकर घेण्याचा हक्क मिळाला, पण नेमकी कुठली जमीन ते अजून ठरलेलं नाही.
- दाव्याची नोंद : अमुक ओढ्याकाठची जमीन मला हवी, असं लिहून देणं.
- मोजणी : साखळीनं जमीन मोजून हद्दी ठरवणं.
- सनद : सरकारकडून अंतिम मालकी.

आपल्याकडे सातबारा आणि फेरफार हाताळलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. एकेका पायरीचा वेगळा कागद, त्यावर वेगळी तारीख आणि वेगळी नावं.

मार्च १७८० मध्ये ४०० एकरांसाठी १६० पौंड भरल्याचं वॉरंट आजोबांच्या नावे आहे. पण आडनाव लिहिलंय ‘लिंकहॉर्न’! कारकुनानं कानाला जसं ऐकू आलं तसं उतरवलं. म्हणून असा शोध घेताना आडनावाची सुचतील तेवढी रूपं तपासावी लागतात. फक्त ‘लिंकन’ शोधणाऱ्याला हा कागद कधीच सापडला नसता.

त्याच जमिनीची मोजणी मे १७८५ मध्ये फ्लॉइड्स फोर्क या ओढ्याच्या परिसरात झाली. मोजणीच्या कागदावर साखळी धरणाऱ्यांची आणि हद्दीच्या झाडांवर खुणा करणाऱ्याची नावं लिहिण्याची पद्धत होती. खुणा करणारा होता अब्राहम लिंकहॉर्न. म्हणजे १७८४ मध्ये ‘मारला गेलेला’ माणूस १७८५ च्या मे महिन्यात झाडांवर कुऱ्हाडीचे घाव घालत होता. साखळी धरणाऱ्यांतही लिंकन आडनावाची माणसं आहेत. नातेवाईक एकत्र स्थलांतर करत, हेही त्यातून कळतं.

आजोबांचा मृत्यू मे १७८६ मध्ये झाला, असं आज अभ्यासक मानतात.

दोन वर्षांनी काय बिघडतं?

बरंच काही. व्हर्जिनियात तेव्हा थोरल्या मुलाचा वारसाहक्क चालत असे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर सगळी जमीन थोरल्याची. हा नियम रद्द करणारा कायदा लागू झाला १ जानेवारी १७८७ ला.

आजोबा गेले त्याच्या जेमतेम सात-आठ महिने आधी आणि मृत्युपत्र न करता. त्यांच्या नावावर केंटकीत पाच हजारांहून अधिक एकरांचे हक्क होते. ते थोरल्या मॉर्डेकायकडे गेले. आठ वर्षांचा थॉमस पोरका झाला आणि भूमिहीनही. इकडेतिकडे मजुरी करत तो वाढला, शाळेत गेला नाही, पुढे जेमतेम सही करायला शिकला. राष्ट्राध्यक्षांचं बालपण लाकडी खोपटात का गेलं, याचं एक उत्तर या तारखेत आहे.

थॉमस आळशी होता म्हणून गरीब राहिला, असंही अनेकदा लिहिलं गेलं. मृत्यूचं साल आणि कायद्याचं साल शेजारी ठेवलं की त्याच माणसाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं.

चुकीच्या काउंटीत शोधलं तर

अमेरिकेत लग्न, खरेदीखत, मृत्युपत्र, खटले यांची दप्तरं काउंटीच्या न्यायालयात असतात. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. वस्ती वाढली की त्यांचे तुकडे पडत.

१७८० मध्ये केंटकीचे तीनच भाग होते, आज तिथे १२० काउंट्या आहेत. एखादं कुटुंब एकाच जागी राहिलं, तरी त्याचे कागद आधी जेफरसन, १७८५ पासून नेल्सन आणि १७९२ नंतर वॉशिंग्टन काउंटीत असू शकतात. लिंकनचा जन्म झाला ती जागा तेव्हा हार्डिन काउंटीत होती, आज ती लारू काउंटीत आहे.

याचा फटका खुद्द लिंकनना बसला. त्यांच्या आईवडिलांचं लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबुज विरोधकांनी चालवली. लोकांनी हार्डिन काउंटीची दप्तरं चाळली, कारण कुटुंब तिथे राहत होतं. तिथे सापडलं ते थॉमसचं १८१९ मधलं दुसरं लग्न. पहिल्या लग्नाचा पत्ता नाही. म्हणजे अफवा खरी!

प्रत्यक्षात लग्न झालं होतं नवरीच्या बाजूच्या माणसांकडे, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. १० जून १८०६ चं ५० पौंडांचं हमीपत्र आहे. त्यावर थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्सच्या पालकाची सही आहे. दोन दिवसांनी, १२ जूनला, लग्न लागल्याची धर्मोपदेशकाची नोंदही आहे. हे कागद १८७० च्या दशकात उजेडात आले. लिंकनची हत्या १८६५ मध्येच झाली होती.

एका ठिकाणी नोंद सापडली नाही, एवढ्यावरून घटना घडलीच नाही असं ठरत नाही. आधी विचारायचं : त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती आणि मुलीचं माहेर कुठे होतं?

जनगणना कितपत उपयोगी?

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. पण १८४० पर्यंत यादीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव येई, बाकीच्यांची नुसती वयोगटानुसार मोजणी. १८१० मध्ये एक वर्षाचा असलेला अब्राहम अशा यादीत ‘दहा वर्षांखालील मुलगे’ या रकान्यात एक आकडा म्हणूनच येऊ शकत होता. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव १८५० पासून लिहू लागले.

केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर नष्टच झाल्या आहेत. तिथे वार्षिक कर याद्या उपयोगी पडतात. एखाद्या तरुणाचं नाव पहिल्यांदा आलं, तर तो २१ वर्षांचा झाला असावा. नाव अचानक गेलं, तर मृत्यू किंवा स्थलांतर. त्याच्या जागी बाईचं नाव आलं, तर बहुधा ती विधवा.

माणूस सैनिक असेल, तर आणखी एक खजिना आहे. १८३२ च्या कायद्यानं अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या हयात सैनिकांना पेन्शन दिली. त्यासाठी म्हाताऱ्या सैनिकांना न्यायालयात शपथेवर आपली सेवा सांगावी लागे, आणि जन्म कुठे झाला, नंतर कुठे कुठे राहिलो हेही. अनेक निरक्षर माणसांचं छोटं आत्मचरित्रच त्यात उतरलं आहे.

पुढे कुटुंब इंडियानाला का गेलं?

केंटकीत जमिनीची हद्द ‘या ओकच्या झाडापासून त्या ओढ्यापर्यंत’ अशी लिहीत. झाड पडलं की हद्द गेली. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे उभे राहत. थॉमसला आपल्या शेतांबाबत असेच वाद सोसावे लागले. १८१६ च्या अखेरीस तो कुटुंबासह इंडियानाला गेला. लिंकननी पुढे त्याची दोन कारणं लिहिली : थोडं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या कटकटीमुळे.

इंडियानात केंद्र सरकारनं जमीन आधीच चौकोनांत मोजली होती, ६४० एकरांचा एक चौकोन. १८१७ मध्ये थॉमसनं व्हिन्सेन्सच्या जमीन कार्यालयात आपला दावा नोंदवला. पूर्वज कुठून कुठे गेला हे शोधताना ‘का गेला’ याचं उत्तरही अनेकदा जमिनीच्याच कागदात असतं.

ज्यांचे कागदच नाहीत

आजोबांवर गोळी झाडणाऱ्याला लिंकन घराण्याच्या कथेत नाव नाही. तो कुणाचा मुलगा, त्याचं गाव कोणी जाळलं होतं का, हे कुणी लिहून ठेवलं नाही. गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या माणसांची १८५० आणि १८६० च्या याद्यांत बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे, तेही मालकाच्या नावाखाली. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जायचं, तर मालकाची मृत्युपत्रं आणि खरेदीखतं चाळावी लागतात. स्त्रियांचं माहेरचं नाव लग्नाच्या कागदाबरोबर हरवतं. नॅन्सी हँक्सच्या आईबद्दलचा वाद बराच काळ चालला. आईकडून मुलांकडे येणाऱ्या डीएनएच्या तपासणीनं अलीकडे त्यावर बराच प्रकाश पडला.

शोध घ्यायचा असेल तर क्रम काय?

- स्वतःपासून मागे जा, एकेक पिढी पक्की करत. प्रसिद्ध माणसापासून खाली येऊ नका. आडनाव सारखं म्हणजे नातं, असं नसतं.
- प्रत्येक सालासाठी त्या वेळच्या काउंटीचा नकाशा पाहा.
- भाऊ, शेजारी, साक्षीदार यांचीही नावं टिपून ठेवा.
- फॅमिलीसर्च ही वेबसाइट मोफत आहे. इंडियाना, इलिनॉयसारख्या राज्यांतल्या केंद्र सरकारच्या जमिनीच्या सनदा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या वेबसाइटवर मोफत दिसतात. केंटकीच्या जुन्या सनदा मात्र त्या राज्याच्या स्वतःच्या जमीन दप्तरात आहेत.
- दुसऱ्यानं इंटरनेटवर टाकलेली वंशावळ हा पुरावा नाही. मूळ कागद उघडून बघा.

हिंगहॅमच्या त्या पत्राचं पुढे काय झालं? प्रश्न विचारणाऱ्याचा अंदाज बरोबर होता. लिंकन घराण्याचा मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडहून येऊन त्याच हिंगहॅममध्ये स्थायिक झाला होता. तिथून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी अशी साखळी नंतरच्या अभ्यासकांनी कागदाला कागद जोडून सिद्ध केली. लिंकनना स्वतःला मात्र, नावं सारखी आहेत यापलीकडे काही हाती लागलं नाही. आणि आईवडिलांच्या लग्नाचा कागद शेजारच्या काउंटीत शाबूत होता, हेही त्यांना कधी कळलं नाही.