अजरखचे पाणी

कच्छच्या अजरख कापडाच्या नावाची फोड दोन तऱ्हांनी केली जाते. अरबीत ‘अझरक’ म्हणजे निळा, त्यावरून हे नाव आले असे अभ्यासक मानतात. छपाई करणारे खत्री मात्र ‘आज रख’ असे सांगतात : आज कापड तसेच ठेव, पुढचे उद्या. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकणार नाही. कामाची रीत मात्र तिच्यात नेमकी उतरली आहे.

सोळाव्या शतकात कच्छचे राव भारमल यांच्या बोलावण्यावरून आपले पूर्वज सिंधमधून आले, असे खत्री सांगतात. सारण नदीकाठी धमडका गावी ते वसले. पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला. कापड तेलात आणि उंटाच्या शेणात भिजवायचे, हिरड्याच्या पाण्यातून काढायचे, चुना-डिंकाच्या ठशाने पांढरी जागा राखायची. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवायचे, लाल रंगासाठी तुरटी आणि मंजिष्ठ, निळ्यासाठी निळीचा हौद. अधूनमधून वाहत्या पाण्यात धुणे आणि उन्हात वाळवणे. गिऱ्हाईक आसपासचेच. मुस्लिम पशुपालकांना अजरख, अहीर-रबारींना त्यांच्या त्यांच्या नक्षीचे कापड. पेहरावावरून जमात ओळखू येई, छापणारा हात मात्र खत्रीचाच.

युरोपात 1869 मध्ये कृत्रिम अलिझरिन तयार झाले, 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. विसाव्या शतकाच्या मध्यास रासायनिक रंग धमडक्यातही रुळले. स्वस्त गिरणी कापडापुढे गावचे गिऱ्हाईक तुटले. 1970 च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी जुने रंग पुन्हा हाती घेतले आणि आपल्या तिन्ही मुलांना शिकवले. त्यांतील इस्माईल यांना 2003 मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

त्याआधीच, 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात धमडका जमीनदोस्त झाले होते. उरलेल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले, आणि लोहाने लाल रंग काळवंडतो. काही कुटुंबे तिथेच राहिली. अनेकांनी भूजजवळ जमीन घेऊन अजरखपूर वसवले. गाव निवडताना आधी पाणी पाहिले गेले.

2024 मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. शहरांत त्याला ‘स्लो फॅशन’ म्हणतात. ज्या गुराख्यासाठी ते छापले जाई, त्याला आता ते सहसा परवडत नाही. अजरखपूरमध्येही भूजल खाली चालले आहे, आणि धुण्याला पाणी पूर्वीइतकेच लागते.